फ्रेमवर्क लावायचं की कोड स्वतः लिहायचा? छोट्या वेब प्रकल्पासाठी निवड आणि पुढची बांधणी

६० फ्लॅटच्या एका हाउसिंग सोसायटीला मेंटेनन्सची बिलं आणि पावत्या ऑनलाइन हव्या आहेत. मालवणजवळच्या चार खोल्यांच्या होमस्टेला फोटो, दर आणि चौकशीचा फॉर्म एवढंच पुरे आहे. दोन्ही कामं 'छोटी' म्हणूनच सांगितली जातात आणि दोन्हीकडे पानं जेमतेम आठ-दहा. तरी पहिलं काम साध्या पीएचपीत (वेबची पानं चालवणारी एक भाषा) लिहायला घेतलंत तर काही महिन्यांत हात टेकाल. दुसऱ्याला जँगो हे पायथन भाषेतलं फ्रेमवर्क लावलंत तर एका फॉर्मपायी सर्व्हर सांभाळत बसाल.

पानं मोजून काही ठरत नाही. साइटमध्ये माहिती कोण लिहितं, कोणाला काय दिसता कामा नये आणि चुकलेली नोंद कोण दुरुस्त करणार, यावर निवड ठरते. खाली हीच दोन कामं घेऊन निवड कशी करायची आणि पुढे कुठे पाय घसरतो ते सांगितलं आहे.

फ्रेमवर्क म्हणजे इथे जँगो, लारावेल, रेल्स यांच्यासारखं भरगच्च साहित्य. लॉगिन, डेटाबेसची रचना, फॉर्मची तपासणी, सुरक्षेची किमान व्यवस्था हे त्यात आधीच असतं किंवा थोडक्यात जोडता येतं. फ्लास्क आणि एक्सप्रेस मधल्या जागेवर आहेत: पत्ता आणि पान यांची सांगड घालून देतात, बाकीचं तुमच्यावर सोडतात. 'स्वतः लिहिलेला कोड' म्हणजे सगळं शून्यातून घडवणं नव्हे. पीएचपीतच पासवर्ड हॅश करायची (म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही असा बदलून ठेवायची) सोय आहे, डेटाबेसशी बोलायला पीडीओ आहे, मेलसाठी पीएचपीमेलर जोडता येतं. हे वापरूनही कोड तुमचाच राहतो.

पायरी १: कागदावर पाच उत्तरं लिहा

संगणक उघडण्याआधी गिऱ्हाइकाला हे विचारा. माहिती कोण भरणार: फक्त मालक, येणारा-जाणारा कोणीही, की ठरावीक सभासद? लॉगिन लागणार का, आणि लागलं तर किती प्रकारच्या लोकांना? माहितीचे तक्ते किती आणि ते एकमेकांत किती गुंतलेले? नोंद चुकली तर ती प्रोग्रामर नसलेला माणूस दुरुस्त करणार का? दोन वर्षांनी हे सांभाळणार कोण?

लॉगिन नाही, तक्ते एक-दोन आणि नोंदी फक्त मालक बघणार, असं असेल तर स्वतः लिहा. दोन किंवा जास्त प्रकारचे वापरकर्ते असतील, किंवा चार-पाच तक्ते एकमेकांवर अवलंबून असतील, तर फ्रेमवर्क घ्या, त्यात घासाघीस करू नका. एकच मालक लॉगिन करून दर बदलतो अशी मधली कामं दोन्ही प्रकारे होतात. तिथे होस्टिंग काय आहे ते बघून ठरवावं.

तिसरं उत्तरही असतं आणि ते सुचवायला प्रोग्रामरच्या जिवावर येतं: दोन्ही नको. माहिती वर्षातून दोनदा बदलणार असेल तर ह्यूगोसारख्या साधनाने तयार केलेली स्थिर पानं आणि चौकशीसाठी गूगल फॉर्म एवढ्यात काम भागतं. तिथे डेटाबेस नाही, म्हणून फुटण्यासारखंही फारसं काही नाही.

पायरी २: होस्टिंग आधी बघा, भाषा नंतर ठरवा

बऱ्याच छोट्या गिऱ्हाइकांनी डोमेनबरोबर स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आधीच घेतलेलं असतं. त्यावर सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचा तयार पडदा) असतं आणि पीएचपी चालतं. साध्या पीएचपीच्या चार फाइली तिथे चढवल्या की काम सुरू. जँगोला मात्र सतत चालू राहणारी प्रक्रिया लागते. काही सीपॅनेलमध्ये पायथन अ‍ॅप्लिकेशनची सोय असते, सगळीकडे नसते. ती आहे का आणि पायथनची कोणती आवृत्ती मिळते, हे होस्टिंगवाल्याला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका.

लारावेल शेअर्ड होस्टिंगवर चालतं, पण दोन ठिकाणी अडतं. बाहेरचा तयार कोड ठेवायच्या त्याच्या व्हेंडर फोल्डरमध्ये हजारो बारीक फाइली असतात आणि स्वस्त योजनांमध्ये फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते. जागा शिल्लक दिसते आणि तरी अपलोड थांबतं, ते बहुधा यामुळेच. दुसरी अडचण धोक्याची. लारावेलचा फक्त पब्लिक फोल्डर जगासमोर असायला हवा. घाईत अख्खा प्रकल्प पब्लिक-एचटीएमएलमध्ये (होस्टिंगवरच्या जगाला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये) टाकला की डॉट-एन्व्ह फाइल ब्राउझरमधून थेट उघडू शकते, आणि डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच असतो. साइट चढवल्यावर पहिलं काम म्हणून त्या फाइलीचा पत्ता स्वतः ब्राउझरमध्ये टाकून बघा. उत्तर ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ (सापडलं नाही) आलं तरच पुढे जा.

स्वतंत्र व्हीपीएस (भाड्याचा, स्वतःच सांभाळायचा सर्व्हर) घेतलात तर मोकळीक मिळते, पण साइट चालवणारे एनजिनएक्स आणि गुनिकॉर्न, ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आणि बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत एचटीटीपीएस प्रमाणपत्र जास्तीत जास्त ९० दिवस चालतं. त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊन बघायचं. हे सगळं गिऱ्हाइकाच्या खर्चात धरलं नसेल तर तो खर्च तुमच्या रविवारांतून जातो.

पायरी ३: सगळ्यात अवघड पान आधी करून बघा

चाचणीसाठी लॉगिनचं पान करू नका. ते सगळीकडे सोपं वाटतं. अर्धा दिवस काढून कामातला सगळ्यात किचकट व्यवहार दोन्ही प्रकारे जुळवून बघा.

सोसायटीत तो व्यवहार म्हणजे अपुरं भरलेलं बिल. महिन्याचा मेंटेनन्स ३,५०० रुपये. एका सभासदाची एप्रिल, मे, जूनची बिलं थकली, म्हणजे १०,५०० रुपये, आणि त्याने १०,००० चा चेक दिला. यात एप्रिलचे ३,५००, मेचे ३,५०० आणि जूनचे ३,००० असे वळते होतात, जूनचे ५०० बाकी राहतात. बिलाच्या ओळीत 'भरलं: हो किंवा नाही' असा रकाना ठेवलात तर हे मांडताच येत नाही. त्यासाठी फ्लॅट, सभासद, बिल, पावती आणि 'कोणत्या पावतीतले किती पैसे कोणत्या बिलाला' असे पाच तक्ते लागतात. चेक परत आला तर पावती रद्द करून या पाचव्या तक्त्यातल्या तिच्या नोंदी सोडवायच्या आणि तिन्ही बिलं पुन्हा थकीत दाखवायची. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये झालं पाहिजे. अर्ध्यात वीज गेली तर काहीच झालेलं नसावं.

हे पाच तक्ते, त्यांवरचे फॉर्म आणि खजिनदाराच्या याद्या हाताने लिहायला बसलात की पहिल्याच दिवशी अंदाज येतो. जँगोत तक्त्यांचं वर्णन मॉडेल म्हणून लिहिलं की अ‍ॅडमिनमध्ये नोंद, शोध आणि दुरुस्तीचे पडदे तयार मिळतात. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बिगर-तांत्रिक माणसाने रोज नोंदी भरायच्या ही तिथली गरज होती, म्हणून अ‍ॅडमिन त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. सोसायटीच्या कमिटीला तेच लागतं.

स्वतः लिहायचं ठरलं तर: होमस्टेचा फॉर्म

रकाने पाच: नाव, फोन, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, माणसं. फोन मजकूर म्हणून साठवा, आकडा म्हणून नाही. नाहीतर सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह गळून पडतं. ब्राउझरमधली तपासणी सोयीपुरती, खरी तपासणी सर्व्हरवर: जाण्याची तारीख येण्याच्या नंतरची आहे का, माणसं १ ते १२ मध्ये आहेत का. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवा. तो भरून आला की समोर बॉट आहे. एका आयपी पत्त्यावरून तासाला पाचापेक्षा जास्त चौकशा घेऊ नका.

नोंद पीडीओच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच घालायची. आलेला मजकूर क्वेरीच्या (डेटाबेसला द्यायच्या सूचनेच्या) वाक्यात जोडायचा नाही, कितीही 'स्वच्छ' केलेला असला तरी. एसक्यूलाइट (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) इथे पुरून उरतं, फक्त तिची फाइल आणि पासवर्डची फाइल पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर ठेवा. आणखी एक खोच: एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची (दोन तक्त्यांतल्या दुव्याची) तपासणी सहसा बंद असते आणि प्रत्येक जोडणीला ती वेगळी चालू करावी लागते. जँगो हे स्वतः करतं, तुमच्या कोडमध्ये ते तुम्हालाच करायचं आहे. नोंद झाली की ३०३ उत्तर देऊन 'धन्यवाद'च्या पानावर पाठवा. पान रिफ्रेश केलं की तीच चौकशी दोनदा येते, ती यामुळे थांबते.

आधी डेटाबेस, मग मेल, हा क्रम सोडू नका. पीएचपीच्या साध्या मेल फंक्शनने पाठवलेलं पत्र शेअर्ड होस्टिंगवरून निघालं की बऱ्याचदा स्पॅममध्ये जातं, आणि फंक्शन मात्र 'पाठवलं' म्हणून मोकळं होतं. पीएचपीमेलरने एसएमटीपीवरून (मेल खात्यात लॉगिन करून) पाठवा. 'प्रेषक' म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता आणि 'उत्तर द्या' या जागी पाहुण्याचा. पाहुण्याचा जीमेल पत्ता प्रेषक म्हणून घातला की ते पत्र बनावट ठरतं आणि अडवलं जातं. 'फॉर्म चालतो पण मेल येत नाहीत' या तक्रारीमागे नेहमी सापडणारं कारण हेच.

मराठी मजकुराचं वेगळं बघावं लागतं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची सध्याची रूढ पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नमस्कार' हा शब्द पीएचपीच्या बाइट मोजणाऱ्या स्ट्रलेनला २१ वाटतो, चिन्हं मोजणाऱ्या एमबी-स्ट्रलेनला ७. नावाला ५० ची मर्यादा साध्या फंक्शनने लावलीत तर सोळा-सतरा चिन्हांतच नाव 'फार मोठं' ठरतं आणि साध्या सबस्ट्रने कापलंत तर शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर यूटीएफ-८-एमबी-४ हाच अक्षरसंच निवडा. जुन्या तीन बाइटच्या संचात मराठी बसते, पण कोणी हात जोडल्याची इमोजी टाकली की नोंद फसते किंवा तिथून पुढे कापली जाते. मालकाला यादी सीएसव्हीमध्ये हवी असते, आणि ती एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी कचरा दिसतो. फाइलीच्या सुरुवातीला बीओएमचे (मजकूर यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या खुणेचे) तीन बाइट लिहिले की नीट उघडते.

पानावर मजकूर दाखवताना प्रत्येक ठिकाणी एचटीएमएल-स्पेशल-चार्समधून काढा, म्हणजे कोणी टाकलेला मजकूर कोड म्हणून चालणार नाही. लारावेलचं ब्लेड आणि जँगोचे टेम्पलेट हे आपोआप करतात, साध्या पीएचपीत एखादी जागा विसरली जाते. म्हणून 'ई' नावाचं दोन ओळींचं स्वतःचं फंक्शन करा आणि त्याशिवाय काहीच छापायचं नाही अशी शिस्त पाळा.

सगळं मिळून हे काम दोन-तीनशे ओळींत बसतं, आणि चार वर्षांनी उघडलं तरी तासाभरात समजतं. इथे फ्रेमवर्क लावायचं काही कारण नाही.

स्वतःच्या कोडमध्ये लॉगिन आलं की

होमस्टेवाले पुढच्या हंगामात म्हणतात, 'एजंटांना पण लॉगिन देऊ या.' इथे थांबून पायरी १ पुन्हा करा. पासवर्डचा हॅश पासवर्ड-हॅश फंक्शनने, लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीचा) क्रमांक बदलणं, प्रत्येक फॉर्मला सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण), चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आणि 'पासवर्ड विसरलो'. यातली एकेक गोष्ट दहा-वीस ओळींची. त्रास असा की यात चूक झाली तरी पान नीटच चालतं, आणि चूक कळते ती कोणी गैरफायदा घेतल्यावर.

सगळ्यात जास्त गफलत 'पासवर्ड विसरलो'मध्ये होते. दुवा एकदाच चालला पाहिजे, तासाभरात मेला पाहिजे, त्यातलं टोकन खरोखर यादृच्छिक असलं पाहिजे आणि डेटाबेसमध्ये त्याचा हॅशच साठवला पाहिजे. मेल आपल्याकडे नोंदलेला आहे की नाही, हे उत्तरातून कळता कामा नये. जँगो आणि लारावेलमध्ये याचा मुख्य भाग तयार असतो. पण सगळंच असतं असं समजू नका: जँगो चुकीच्या लॉगिन प्रयत्नांवर मर्यादा घालत नाही, ती वेगळी लावावी लागते.

फ्रेमवर्ककडे वळायची दुसरी खूण म्हणजे घरचं फ्रेमवर्क. पत्ते वाटणारी एक फाइल, मग टेम्पलेटसाठी क्लास, मग सगळ्या तक्त्यांसाठी 'मॉडेल' नावाचा मूळ क्लास. हे तिन्ही तुमच्या फोल्डरमध्ये दिसले की तुम्ही फ्रेमवर्कच लिहिताय, पण त्याला ना माहितीपुस्तिका ना दुसरा जाणकार. फ्लास्कला सात-आठ जोड (बाहेरचा तयार कोड) लावले की तेच होतं.

फ्रेमवर्क घ्यायचं ठरलं तर: सोसायटीचं काम

आवृत्ती लांब पल्ल्याची घ्या. जँगो ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. लारावेलच्या आवृत्तीला दोषदुरुस्ती १८ महिने आणि सुरक्षा २ वर्षं. म्हणजे लारावेल घेतलंत तर दर दोन वर्षांनी अपग्रेडचं काम येणार, ते करारात आजच लिहा. यावर 'साध्या पीएचपीला हे लागत नाही' असं कोणी म्हणालं तर डिसेंबर २०१५ ची पीएचपी ७.० आठवून द्या. तिने जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढूनच टाकली, आणि ती वापरणाऱ्या कोडला नव्या पीएचपीवर डेटाबेसच सापडेना. बाहेरचे जोड नेमक्या आवृत्तीला बांधून ठेवा. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या जोडांचं कोठार) लेफ्ट-पॅड हा ११ ओळींचा जोड काढला गेला आणि त्यावर अप्रत्यक्ष अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प अडकले.

जँगोत पहिलं मायग्रेशन (डेटाबेसमध्ये तक्ते घडवणारी पायरी) चालवण्याआधी स्वतःचं यूजर मॉडेल जाहीर करा, आत्ता त्यात काही वेगळं नसलं तरी. नंतर बदलायला गेलात तर फार छळतं. पैसे पैशांतच पूर्णांक म्हणून साठवा: ३,५०० रुपये म्हणजे ३५००००. एसक्यूलाइटमध्ये खरा दशांश प्रकार नाही, आणि बेरजेत एक पैसा इकडचा तिकडे झाला तरी लेखापरीक्षक विचारतो.

पावती क्रमांकासाठी डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक वापरू नका. नोंद फसली तर त्यात खाडे पडू शकतात, आणि दर १ एप्रिलला तो पुन्हा १ पासून सुरू होत नाही. आर्थिक वर्ष आणि क्रमांक असे दोन रकाने ठेवा, दोन्ही मिळून एकमेव असण्याचं बंधन डेटाबेसमध्येच घाला, आणि पुढचा क्रमांक ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या. पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसवर 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने क्रमांकाची ओळ अडवता येते. एसक्यूलाइटवर जँगो ती सूचना गुपचूप सोडून देतं, त्यामुळे तिथे ते बंधनच कामी येतं: दुसरी नोंद फसते, मग पुन्हा प्रयत्न करायचा. पावती पुसायची सोय कोणालाच देऊ नका, 'रद्द' अशी खूण करा. अ‍ॅडमिनमध्ये खजिनदार, सचिव आणि लेखापरीक्षक असे तीन गट करा. लेखापरीक्षकाला 'फक्त बघण्याची' परवानगी द्या. जँगो २.१ पासून ती तयार मिळते.

वेळेचा घोळ मार्चअखेरीस कळतो. नव्या प्रकल्पात जँगोची वेळ यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असते. १ एप्रिलला पहाटे २ वाजता कोणी पैसे भरले तर यूटीसीत ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता लिहा आणि तारीख काढताना जँगोच्या 'नाऊ' फंक्शनमधली तारीख न घेता 'लोकलडेट' वापरा. नुसती सेटिंग बदलून 'नाऊ' तशीच ठेवली तर चूक तशीच राहते.

फ्रेमवर्क ज्यातून वाचवत नाही अशी एक गोष्ट सभासदाच्या पानावर आहे. बिलाच्या पत्त्यात शेवटी ४१ असेल तर कोणीतरी तिथे ४२ टाकून बघणारच. सभासद लॉगिन झालेला आहे, म्हणून जँगो काही बोलत नाही आणि शेजाऱ्याची थकबाकी समोर येते. बिल शोधताना नुसता बिलाचा क्रमांक न देता 'या सभासदाच्या फ्लॅटचं बिल' अशीच क्वेरी लिहा, म्हणजे दुसऱ्याचं बिल मागितलं की ४०४ येईल. याची चाचणी दोन खोटे सभासद तयार करून कराच.

साइट चढवताना डीबग (चुकांचा तपशील पडद्यावर दाखवणारी सेटिंग) बंद करा. ते बंद केलं की दोन गोष्टी लगेच बिघडल्यासारख्या दिसतात. परवानगी असलेल्या डोमेनच्या यादीत तुमचं नाव नसेल तर प्रत्येक पानावर ४०० हा चुकीचा क्रमांक येतो, आणि सीएसएस (पानाची सजावट) गायब होतं, कारण स्थिर फाइली आता जँगो देत नाही. कलेक्टस्टॅटिक आज्ञा चालवून त्या एनजिनएक्स किंवा व्हाइटनॉइज या जोडाकडे सोपवा. यावर उपाय म्हणून डीबग पुन्हा चालू करून तसंच सोडणारे बरेच असतात. मग पुढची चूक झाली की कोडचे तुकडे आणि बऱ्याचशा सेटिंग येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. यादीचं पान हळू वाटलं तर आधी क्वेरी मोजा. ६० फ्लॅटच्या यादीत प्रत्येकासमोर मालकाचं नाव दाखवलं की १ ऐवजी ६१ क्वेरी जातात. सिलेक्ट-रिलेटेड लावलं की पुन्हा एकच होते.

मध्येच बाजू बदलायची वेळ आली तर

स्वतः लिहिलेलं काम वाढलं म्हणून सगळं फेकून नव्याने लिहू नका. जँगोची इन्स्पेक्ट-डीबी आज्ञा चालू डेटाबेसमधले तक्ते वाचून मॉडेल लिहून देते. त्यांची रचना जँगोने बदलायची नाही अशी खूण तीत आपोआप असते. प्रत्येक तक्त्याला एक प्रायमरी की (नोंद ओळखणारा एकमेव रकाना) आहे का, हे तेवढं बघून घ्या. मग त्याच डेटाबेसवर फक्त अ‍ॅडमिन सुरू करा. जुनं पीएचपी बाहेरच्या लोकांसाठी चालू राहतं आणि मालक नोंदी नव्या अ‍ॅडमिनमधून सुधारतो. पुढे एकेक पान नव्या बाजूला न्या आणि जुन्या पत्त्यांवरून ३०१ ने ('पत्ता कायमचा बदलला' या उत्तराने) वळवा.

हे सुरू करण्याआधी बॅकअप घ्या, आणि एसक्यूलाइट वॅल पद्धतीने चालत असेल तर मुख्य फाइल नुसती कॉपी करू नका. शेवटचे व्यवहार बाजूच्या वॅल फाइलीत असू शकतात आणि ते मागे राहतात. एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा किंवा 'व्हॅक्युम इंटू' वापरा. तयार झालेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा आणि शेवटची पावती तिच्यात आहे का, ते डोळ्यांनी बघा.